सीरम, प्लाझ्मा, अँटिबॉडी, टी-सेल : विषाणूवरच्या हातउसन्या इलाजांची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात पुतण्याला रंकाळ्यावर कुत्रं चावलं. पोटरीत दोन दात खोल रुतलेले, रक्त आलेलं, म्हणजे कॅटेगरी तीन, सगळ्यात धोक्याची. पहिल्या दवाखान्यात रेबीजची लस होती, सीरम नव्हतं, "लस दिलीय, सीरम कुठं मिळालं तर बघा" एवढंच सांगितलं आणि दादा निवांत घरी निघाला, कारण त्याच्या लेखी दोन्ही इंजेक्शनंच, एक झालं म्हणजे झालं. फोनवर ओरडून त्याला परत फिरवला. लस शरीराला अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला धरून निकामी करणारी प्रथिनं, बनवायला शिकवते आणि त्याला आठवडा-दहा दिवस जातात, सीरममध्ये त्या दुसऱ्या कुणीतरी, इथं घोड्यानं, आधीच बनवलेल्या असतात, तेवढ्या दिवसांची सोय म्हणून. लस म्हणजे स्वतःची कमाई, सीरम म्हणजे हातउसने पैसे.

दुसऱ्या दवाखान्यात मिळालं. सिस्टरनी वजन केलं, २२ किलो, किलोला ४० युनिट म्हणजे ८८०, सिरिंजमध्ये साधारण ३ मिली. आणि ते जखमेच्या आतबाहेरच टोचायचं, पोरगं किंचाळतंय, दादाचा चेहरा पांढरा. आधी उरलेलं मांडीत द्यायचे, २०१८ साली जागतिक सल्ला बदलला, आता भर जखमेवरच. दादानं विचारलं, हे घोड्याचं रक्त व्हय? सिस्टर म्हणाल्या, "रक्त न्हवं ओ, रक्तातलं पाणी, आणि तेबी गाळून गाळून."

तर हे रक्तातलं पाणी. १८९० साली बर्लिनमध्ये एका जर्मन आणि एका जपानी संशोधकानं दाखवलं की धनुर्वात, घटसर्प पचवलेल्या जनावराचं सीरम दुसऱ्या जनावराला वाचवतं. ते जिवाणूच्या विषावर होतं. विषाणूवर हीच युक्ती १९१८ च्या फ्लूच्या साथीत वापरली, बरे झालेल्यांचं रक्त किंवा सीरम आजारी माणसाला, पुढं गोवरासाठी लहान मुलांना. पण घोड्याच्या सीरमनं अंगावर पित्त उठायचं, सांधे धरायचे, आणि लसी आल्यावर हे सगळं मागं पडलं, रेबीजसारख्या ठिकाणी तेवढं उरलं.

शब्दांचा घोळ मात्र मागं पडला नाही. पेपरात अँटिबॉडीला कधी प्रतिपिंड, कधी प्रतिद्रव्य, आणि घाईत असले की प्रतिजैविक, जे खरं अँटिबायोटिक. २०२० साली कोविडात गल्लीत सगळ्यात जास्त चाललेला शब्द म्हणजे प्लाझ्मा, तेच रक्तातलं पाणी, बरं झालेल्या माणसाचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्याच शब्दानं केलं.

त्या सप्टेंबरात मित्राचे वडील ॲडमिट होते. रोज स्टेटसला एकच, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा डोनर पाहिजे, अर्जंट. शेवटी मिरजेहून थर्माकोलच्या डब्यात पिशवी आली, २०० मिली. दह्यावर पिवळट निवळ सुटते ना, तसलं दिसतं ते. ॲडमिट होऊन अकरा दिवस झाले होते, हाय फ्लो ऑक्सिजन चालू. पिशवीवर रक्तगट होता, तारीख होती, पण आत अँटिबॉडी किती, याचा आकडा कुठंच नव्हता. दुधाचं फॅट न बघता संघात दूध कोण घेत नाही, आणि इथं बरा झालेला माणूस भेटला की बास, काढा पिशवी.

काका वाचले. घरात आजही म्हणतात प्लाझ्मामुळं वाचले. मी वाद घालत नाही.

पण वाद होताच आणि तो आधीच बऱ्यापैकी मिटत आला होता. एप्रिल ते जुलै २०२० मध्ये आपल्याच देशात ३९ दवाखान्यांत ४६४ पेशंटवर ट्रायल झाली, निम्म्यांना २४ तासांच्या अंतरानं २०० मिलीच्या दोन पिशव्या, निम्म्यांना नेहमीचे उपचार. २८ दिवसांत तब्येत गंभीर झालेले किंवा दगावलेले प्लाझ्मावाल्यांत १९ टक्के, बाकीच्यांत १८. म्हणजे फरक शून्य. हे ऑक्टोबरात छापून आलं. तरी गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ ला, सात महिन्यांनी, दुसरी लाट भरात असताना. मधल्या काळात नोव्हेंबरात एक सूचना निघाली की सरसकट देऊ नका, लवकर द्या, अँटिबॉडी मोजून द्या, पण कोल्हापुरात काय आणि बाकी कुठं काय, नातेवाईकाला दारोदार पळवणाऱ्या चिठ्ठीवर ते थोडंच लिहिलेलं असायचं. ब्रिटनमध्ये ११ हजारांवर पेशंट घेऊन केलेल्या ट्रायलमध्येही प्लाझ्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्हीकडं २४ टक्केच दगावले.

मग प्लाझ्मा खोटाच का? इथंच गोची आहे. आपल्या त्या ट्रायलमध्ये बऱ्याच डोनरच्या प्लाझ्मात कामाच्या अँटिबॉडी अगदीच कमी होत्या, आणि ज्यांना द्यायचं त्यातल्या बहुतेकांच्या अंगात स्वतःच्या आधीच तयार झालेल्या. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याला उसने देऊन काय होणार? उलट अर्जेंटिनात १६० वयस्कर लोकांपैकी निम्म्यांना लक्षणं दिसल्यापासून ७२ तासांत, अँटिबॉडी भरपूर असलेला प्लाझ्मा दिला तर गंभीर होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांवरून १६ वर आलं. ट्रायल छोटी, पण पुतण्याला जखमेत त्याच दिवशी सीरम का टोचतात हे ज्याला कळलं त्याला याचं नवल वाटायला नको. वॉर्डातून प्लाझ्मा काढला ते बरोबरच केलं, उशिरा केलं. पण काढताना लोकांना एवढंच कळलं की प्लाझ्मा थेरपी फेल, आणि वेळ चुकली होती ही गोष्ट कुणी सांगितली नाही.

त्याच मे महिन्यात कोविडवर अँटिबॉडी कॉकटेल आलं, कारखान्यात बनवलेल्या दोन अँटिबॉडींचं मिश्रण, एका पेशंटला ५९,७५० रुपये. त्याच्या मागं १९७५ चा शोध, एकच ठरावीक अँटिबॉडी बनवणारी पेशी अमर करून तिच्याकडून पाहिजे तेवढा माल काढायचा, आणि ज्यांनी शोधलं त्यांनी पेटंटही घेतलं नव्हतं. विषाणूवर या पद्धतीचं पहिलं औषध १९९८ ला, लहान बाळांच्या फुप्फुसाला धरणाऱ्या आरएसव्ही विषाणूसाठी, दर महिन्याला सुई. आता त्याच आजारावर एका सीझनला एकच सुई पुरते असं सुधारलेलं आलंय. रेबीजची अशी अँटिबॉडी २०१६ पासून भारतातच बनते, पुण्यात, डोस किलोला ३.३३ युनिट, घोडा नाही. इबोलावरच्या दोन औषधांना २०२० मध्ये मंजुरी मिळाली, त्यातलं एक तर १९९५ च्या साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातल्या पेशींवरून बनलं. निपाहसाठी केरळनं २०१८ ला ऑस्ट्रेलियातून अँटिबॉडी मागवली होती.

कॉकटेलचं पुढं काय झालं? ओमिक्रॉननं, अँटिबॉडी जिथं चिकटते तो आपल्या अंगावरचा काटा बराच बदलला आणि २०२२ च्या जानेवारीत ते जवळपास निकामी. एक-दोन ठरावीक जागीच बोट ठेवणाऱ्या औषधाचा हा दोष, घोड्याच्या सीरममध्ये कितीतरी तऱ्हेच्या अँटिबॉडी असतात. म्हणूनच की काय २०२१ मध्ये आपल्याच भागात घोड्यांपासून कोविडवर औषध बनतंय ही बातमी आली तेव्हा व्हॉट्सॲपवर नुसता धुरळा.

आता पेशी. अँटिबॉडी म्हणजे तयार गूळ, खाल्ला की संपला, बऱ्याचशा तीन आठवड्यांत निम्म्या उरतात. टी-सेल, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, उसाचं बेणं, रुजलं तर फुटतं, खोडवाही देतं. पेशंटच्या रक्तातून टी-सेल काढायच्या, त्यात बाहेरचं जीन घालायचं म्हणजे शत्रू ओळखणारा हात फुटतो, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि परत सलाइनमधून सोडायच्या. यालाच कार-टी म्हणतात, आणि कार-टी म्हटलं की सगळ्यांना कॅन्सर आठवतो, २०१७ ची मंजुरी आठवते, पण माणसात ही पद्धत अगदी सुरुवातीला वापरली ती एचआयव्हीवर, १९९० च्या दशकात. पेशी टिकल्या, ११ वर्षांनीही रक्तात सापडल्या. विषाणूवर मात्र फारसा परिणाम नाही. एक तर एचआयव्ही झोपी गेलेल्या पेशीत लपतो, बाहेरून खूणच दिसत नाही, आणि जो हात बसवला होता तो एचआयव्ही ज्याला धरून पेशीत शिरतो तोच, म्हणजे चोराला आपणच किल्ली दिल्यासारखं. आणि गंमत अशी की आता कॅन्सरच्या कार-टीत जीन पोचवायला बऱ्याचदा वापरतात ते नांगी काढलेल्या एचआयव्हीवरून बनवलेलं वाहन.

दुसरी वाट साधी, जीन न बदलता डोनरच्या टी-सेलमधल्या विषाणू ओळखणाऱ्या तेवढ्या निवडून वाढवायच्या. बोन मॅरो बदललेल्या पेशंटमध्ये सीएमव्ही, ईबीव्ही हे अंगात दबून बसलेले विषाणू उसळतात त्यासाठी हे १९९० च्या दशकापासून चालू आहे. ईबीव्हीमुळं होणाऱ्या गाठींवर असं तयार औषध युरोपात डिसेंबर २०२२ ला मंजूर झालं. आणि बरोबर वर्षानं, सहा विषाणूंवर एकाच वेळी चालेल अशा पेशींच्या तीन मोठ्या ट्रायल मध्येच थांबवल्या, यश येण्याची चिन्हं नाहीत म्हणून. मुंबईत बनलेली कार-टी ऑक्टोबर २०२३ ला मंजूर झाली ती रक्ताच्या कॅन्सरवर, बाहेरच्यापेक्षा कितीतरी स्वस्त, तरी लाखांत.

पुतण्याचा २८ व्या दिवसाचा डोस काल झाला. दादानं केसपेपरच्या मागं पेनानं दोन रकाने पाडलेत, एकावर लस, दुसऱ्यावर सीरम. सीरमच्या रकान्यात एकच तारीख आहे.