हायपरव्हायजर आणि एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टिम : सामाईक इंटरफेस-हेडर

हायपरव्हायजर (एका यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा नियंत्रक) आणि त्यावर गेस्ट म्हणून चालणारी एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या ठिकाणी बांधल्या (कंपाइल केल्या) जात असल्या, तरी दोघांना एकाच व्याख्या मिळाव्यात यासाठी ठेवलेल्या सी भाषेतील हेडर फाइल. हायपरकॉलचे (गेस्टने हायपरव्हायजरकडे काम मागण्याच्या कॉलचे) क्रमांक, सामाईक मेमरी-पानांतील स्ट्रक्चरांची मांडणी, त्रुटींचे संकेतांक आणि रिंगांचे (विनंत्या-उत्तरांच्या चक्राकार रांगांचे) नियम तिच्यात येतात.

या पद्धतीचा उगम नेमका कुठे धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. आयबीएमच्या व्हीएम/३७० मध्ये (१९७२) गेस्ट प्रणाली ‘डायग्नोज’ या यंत्र-आज्ञेने नियंत्रक प्रोग्रामकडे काम मागत असे, म्हणून सुरुवात तिथून मानता येते. मात्र तो करार आज्ञेच्या संकेतांकांचा होता. सोर्स कोडमधील हेडर हाच करार, या अर्थाने २००३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या झेन या हायपरव्हायजरपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. झेनच्या सोर्समध्ये ‘पब्लिक’ या निर्देशिकेत हे हेडर वेगळे ठेवलेले आहेत. झेन स्वतः जीपीएल २ परवान्याखाली असला, तरी हे हेडर एमआयटी धर्तीच्या मोकळ्या परवान्याखाली येतात. म्हणूनच वेगळ्या परवान्याच्या कर्नलमध्येही ते घेता येतात.

खरी अडचण मांडणीची असते. ३२-बिटी एक्स८६ (इंटेल धर्तीच्या) प्रोसेसरवर ६४-बिटी पूर्णांक स्ट्रक्चरमध्ये ४ बाइटांच्या सीमेवर बसतो, तर ६४-बिटी एक्स८६ वर ८ बाइटांच्या. झेनच्या ब्लॉक-साधनाची (आभासी डिस्कची) विनंती त्यामुळे एकाच हेडरमधून दोन आकारांची निघते. पहिले तीन घटक मिळून ४ बाइट होतात. त्यानंतरचा ‘आयडी’ ३२-बिटी गेस्टमध्ये चौथ्या, तर ६४-बिटीत आठव्या बाइटपासून सुरू होतो. सेक्टर-क्रमांक अनुक्रमे १२ व १६ व्या बाइटवर येतो. पुढे ८ बाइटांचे ११ सेगमेंट (माहितीच्या तुकड्यांची वर्णने) धरले, की एकूण आकार १०८ आणि ११२ बाइट भरतो. ४०९६ बाइटांच्या पानातून रिंगचे ६४ बाइटांचे शीर्ष वजा केल्यावर दोन्हीकडे ३२ विनंत्याच बसतात, कारण संख्या दोनच्या घातापर्यंत खाली आणली जाते. रिंगची लांबी जुळली म्हणजे मांडणी जुळली, असा समज इथेच होतो. प्रत्यक्षात ६४-बिटी बॅकएंडने (विनंती पुरी करणाऱ्या बाजूने) ३२-बिटी विनंती आपल्या मांडणीने वाचली, तर सेक्टर-क्रमांकाचा वरचा अर्धा भाग आणि पहिला ग्रँट-संदर्भ (गेस्टने खुल्या केलेल्या मेमरी-पानाचा क्रमांक) मिळून बहुधा डिस्कच्या हद्दीबाहेरचा आकडा तयार होतो. यावर उपाय म्हणून फ्रंटएंड (विनंती करणारी गेस्टची बाजू) आपली मांडणी झेनस्टोअर या सामाईक नोंदसंग्रहातील ‘प्रोटोकॉल’ या नोंदीत लिहितो. आर्म प्रोसेसरसाठी पुढे अधिक शहाणपणाचा मार्ग निवडला गेला : गेस्ट-हँडल (गेस्टच्या मेमरीकडे बोट दाखवणारा पॉइंटर) ३२-बिटी गेस्टमध्येही ८ बाइटांचाच ठेवला.

एनमची (नावे दिलेल्या स्थिरांकांच्या प्रकाराची) रुंदीही अशीच फसवते. आर्मच्या बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणाऱ्या कोडसाठीच्या) टूलचेनमध्ये एनम सर्वसाधारणपणे शक्य तितका लहान धरला जातो, लिनक्सच्या टूलचेनमध्ये तो ४ बाइटांचा असतो. सामाईक स्ट्रक्चरमध्ये एनम आणि बिटफील्ड (मोजक्या बिटांचे घटक) टाळून ठरावीक रुंदीचे पूर्णांक वापरावेत.

इंटरफेसची आवृत्ती सांगण्याचे काम एका मॅक्रोकडे (कंपाइल होताना मूल्याने बदलल्या जाणाऱ्या नावाकडे) असते. झेनमध्ये गेस्टने तो दिलाच नाही, तर शून्य, म्हणजे सर्वांत जुना इंटरफेस गृहीत धरला जातो. हेडरपेक्षा नवी आवृत्ती मागितली, तर कंपायलर तिथेच थांबतो. पहिली चूक जास्त घातक, कारण ती मुकाट्याने घडते. षोडशमान ०००३०१०१ च्या खालच्या आवृत्तीत शेड्युलर-हायपरकॉलचे नाव २९ ऐवजी ६ या जुन्या क्रमांकाला बांधले जाते. जुना कॉल दुसरा घटक थेट मूल्य म्हणून घेतो, नवा पॉइंटर म्हणून. परिणामी नव्या पद्धतीने लिहिलेल्या ‘शटडाउन’मध्ये पॉइंटरचा पत्ताच बंद होण्याचे कारण म्हणून वाचला जातो. हा मॅक्रो एखाद्या फाइलमध्ये न लिहिता संपूर्ण बांधणीच्या कंपायलर-फ्लॅगमध्ये द्यावा.

हेडर गेस्टपर्यंत नेण्याच्या दोन पद्धती आहेत. मिनी-ओएस या झेनवरील छोट्या गेस्ट-प्रणालीच्या जुन्या बांधणीत झेनच्या सोर्सकडे सिम्बॉलिक लिंक केली जात असे. त्यात नक्कल राहत नाही, पण गेस्ट एकट्याने बांधता येत नाही आणि झेनचा सोर्स बदलला की तोही नकळत बदलतो. लिनक्सने स्वतःच्या शैलीत छाटलेली नक्कल ठेवली. वाचायला ती सोयीची, मात्र मूळ फाइलशी ताडून पाहणे कठीण जाते. लहान एम्बेडेड प्रणालीसाठी एका प्रकाशित टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) संपूर्ण ‘पब्लिक’ निर्देशिका जशीच्या तशी उचलणे, कमिट-संदेशात तो टॅग लिहिणे आणि त्या फाइलींत एकही ओळ न बदलणे बरे. प्रणालीला लागणारे फेरफार वेगळ्या वेष्टक-हेडरमध्ये करावेत. महत्त्वाच्या प्रत्येक स्ट्रक्चरचा आकार व घटकांचे ऑफसेट स्टॅटिक-अॅसर्टने (कंपाइल होतानाच होणाऱ्या पडताळणीने) तपासावेत.

वेष्टकात मेमरी-बॅरियर (मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम राखणाऱ्या आज्ञा) विसरू नयेत. आवृत्ती ०००३०२०८ पासून रिंगचे मॅक्रो झेन-उपसर्गाचे बॅरियर गेस्टकडूनच अपेक्षितात. बांधणी पुढे जावी म्हणून ते रिकामे ठेवले, तर एक्स८६ वर दोष बराच काळ दबून राहू शकतो. आर्मवर मात्र निर्देशांक पुढे सरकलेला दिसतो आणि विनंतीतील मजकूर जुनाच वाचला जातो.

आभासी साधनांसाठीच्या व्हर्टिओ या दुसऱ्या इंटरफेसमध्ये मात्र करार लिखित मानकात असतो आणि लिनक्समधील त्याचे रिंग-हेडर बीएसडी परवान्याखाली आहे.