रस्त्यावरच्या कुत्र्याचं ऑपरेशन : खर्च कसा होतो, कोणी आणि कधी भरायचा

रत्नागिरीजवळ हातखंब्याच्या तिठ्यावर गाडीने उडवलेलं कुत्रं कुणीतरी रिक्षात घालून आणतं, टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "डॉक्टर, तुम्ही फक्त बघा, पैशाचं मागाहून बघू." बघतो आम्ही. सलाईन, वेदनाशामक इंजेक्शन, रक्त थांबवणं यासाठी आजवर कोणाला पैसे विचारत बसलो नाही, पुढेही बसणार नाही. गाडी अडते ती ऑपरेशनपाशी.

पहिले दोन-चार दिवस

मोडलेलं हाड त्याच रात्री जोडावं लागतं, असं बहुतेकांना वाटतं आणि मग घाबरून उधार-उसनवार सुरू होते. खरं तर धडक बसलेल्या कुत्र्याचं हाड आम्ही शेवटी बघतो. आधी छाती आणि पोट. फुफ्फुसाला मार लागलेला असतो, कधी छाती-पोटामधला पडदा फाटून आतडी वर सरकलेली असतात, कधी मूत्राशय फुटलेलं असतं. अशा जनावराला घाईने भूल दिली तर ते टेबलावरच जातं. त्यामुळे छातीचा एक्स-रे, रक्ताची तपासणी आणि लघवी होते की नाही यावर लक्ष, एवढं आधी. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांत गोचीड तापाने प्लेटलेट उतरलेल्या असणं नेहमीचंच. त्या वर आल्याशिवाय कापाकापी नको.

हाड कातडीच्या आत असेल तर या सगळ्यात दोन-चार दिवस जातात आणि त्याने बिघडत काही नाही. पैसे उभे करायला तुम्हाला तेवढी सवड असते.

सवड नसते ती तीन प्रसंगांत : हाड बाहेर आलेलं, गर्भाशयात पू झालेला, आणि गळ गिळलेला. मिरकरवाड्याच्या बंदरावरून येणाऱ्या कुत्र्यांत हा शेवटचा प्रकार फार. आमिषाच्या मासळीसकट गळ पोटात जातो, तोंडातून तंगूस, म्हणजे गळाची दोरी, लोंबत राहतो आणि बघणाऱ्याचा हात आपसूक तिकडे जातो. कृपा करून ओढू नका. ओढलात की गळ अन्ननलिकेत रुततो आणि साधं काम अवघड होऊन बसतं. तंगूस कापूही नका. तो गळपट्ट्याला नाहीतर मानेभोवतीच्या दोरीला सैल बांधा आणि या.

बिलात काय असतं

मांडीच्या हाडाला प्लेट बसवायला सध्या आमच्याकडे अठरा ते पंचवीस हजार रुपये लागतात. आकडा ऐकून लोक गप्प होतात, म्हणून फोड सांगतो. हाडांचे सर्जन कोल्हापूरहून आंबा घाट उतरून येतात. त्यांची फी आणि येण्याजाण्याचा खर्च त्याच दिवशी द्यावा लागतो. प्लेट आणि स्क्रू कुत्र्याच्या मापाचे मागवावे लागतात, तेही रोखीनेच. उरलेलं भूल, औषधं आणि आमची मेहनत. म्हणून आमचा हिशेब असा : सर्जनचे आणि सामानाचे पैसे आगाऊ, आमच्या मेहनतीचे तीन हप्त्यांत. हप्त्यावर व्याज नाही.

दरवेळी प्लेटच लागते असंही नाही. पिल्लाचं हाड बाहेरून बांधलेल्या पट्टीवर किंवा साध्या पिनवर तीन-चार आठवड्यांत जुळतं. कमरेचं हाड मोडलेली कितीतरी कुत्री नुसत्या बंदिस्त विश्रांतीवर उभी राहतात. पायाचा पार चुरा झाला असेल तर पाय काढण्याचा सल्ला आम्ही मोकळेपणाने देतो. आणणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण कुत्र्याला आरशात बघायचं नसतं. दोन-तीन आठवड्यांत ते तीन पायांवर कोंबड्यांच्या मागे पळायला लागतं, आणि खर्च निम्म्याहून कमी येतो. शेपटीखाली रक्ताळलेली, फुलकोबीसारखी गाठ दिसली तर ऑपरेशनची वर्गणी काढायच्या आधी दाखवून घ्या. ती बहुतेकदा कुत्र्याकुत्र्यांत लागणारी गाठ असते आणि आठवड्याला एक अशा चार-सहा इंजेक्शनांत जाते.

मुंबईला परळच्या बैलघोड्यात, म्हणजे जनावरांच्या धर्मादाय रुग्णालयात, कमी पैशांत होईल, हे खरं आहे. पण मोडक्या कमरेने साडेतीनशे किलोमीटर, तेही आपल्या महामार्गावरून, याचा विचार करून ठरवा. साधी मलमपट्टी आणि इंजेक्शनं तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र पैशांत होतात. तिथे जायला कमीपणा मानू नका.

सही कोणाची

एका गणपतीत मुंबईच्या एका दादांनी कुत्रं आणलं, आगाऊ पैसे भरले, पोराबाळांसकट रोज बघायला आले. गौरी-गणपती विसर्जनानंतर गाडी मुंबईला, आणि फोन 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. कुत्रं बरं झालं, पण ते सोडायचं कुठे हे सांगायला कोणी नव्हतं. दादांचा हेतू वाईट नव्हता. तरी तेव्हापासून आम्ही फॉर्मवर दोन नावं घेतो, त्यातलं एक वाडीतलं, बारमाही राहणारं हवं. वाढीव खर्चाला हो म्हणण्याचा आणि वेळ आलीच तर 'आता त्रास नको, कायमचं झोपवा' असं सांगण्याचा अधिकार कोणाला, तेही त्यावर लिहून घेतो.

वर्गणी

गावातून पैसे गोळा करणार असाल तर केस नंबर सांगा. लोकांना थेट दवाखान्याच्या खात्यावर भरू दे, हिशेबाचा कागद भिंतीवर लावतो. एकाच्या खिशात पैसे जमले की चार दिवसांनी त्याच्यावरच संशय येतो. शिल्लक राहिली तर पुढच्या केसला वळवायची का परत करायची, हे आधी ठरवा. आम्ही खासगी दवाखाना, त्यामुळे आयकर सवलतीची पावती देता येत नाही. ती फक्त नोंदणीकृत संस्था देऊ शकते. विम्याबद्दलही विचारतात : अपघात झाल्यावर काढलेला विमा त्या अपघाताला लागू होत नाही.

ऑपरेशननंतर

यात लोक फसतात. प्लेट बसवलेल्या कुत्र्याला सहा आठवडे बांधून ठेवावं लागतं. आमच्या पिंजऱ्याचे दिवसाला अडीचशे धरले तर बेचाळीस दिवसांचे साडेदहा हजार होतात. हेच कोणाच्या पडवीत, मांगरात फुकट होतं. गुळगुळीत लादी असेल तर वर गोणपाट अंथरा, पाय घसरला की स्क्रू निघतो. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली नरसाळ्यासारखी कॉलर काढू नका, कितीही केविलवाणं बघितलं तरी. पडवी कोणाची, याचं उत्तर नसेल तर प्लेटची तारीख आम्ही देत नाही.

आणताना

चादरीची झोळी करून दोघांनी उचला, तोंड कापडाने सैलसर बांधा. उलटी करत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधू नका. चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घ्या. घरातली दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका, माणसाच्या गोळीने पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडं जातात. रात्री येत असाल तर निघण्याआधी फोन करा. पावसाळ्यात घाटात दरड आली असेल तर सर्जन कधी पोचतील, तेही तेव्हाच सांगू.