चिकाटीची प्रार्थना (ख्रिस्ती)

उत्तर लांबले तरी तीच विनंती देवापुढे पुन्हा पुन्हा मांडणे आणि निर्णय मात्र त्याच्यावर सोपविणे, ही ख्रिस्ती प्रार्थनेतील एक रीत. आग्रह आणि आज्ञापालन ही तिची दोन अंगे; नुसता आग्रह उरला की ती नवसाकडे झुकते.

मुख्य आधार बायबलमधील लूककृत शुभवर्तमानातील (येशूच्या चरित्रग्रंथातील) दोन दाखल्यांचा, म्हणजे बोधकथांचा : मध्यरात्री तीन भाकरी मागणारा मित्र (11:5–8) आणि अन्यायी न्यायाधीशाकडे खेटे घालणारी विधवा (18:1–8). या शुभवर्तमानाचा काळ सामान्यतः इ. स. 80–90 च्या सुमाराचा धरतात. काही अभ्यासक तो 70 पूर्वी नेतात. विधवेचा दाखला नेमका कुठे संपतो, हे वादग्रस्त आहे. एका मताप्रमाणे तो पाचव्या वचनाशी संपतो. ‘खचू नये’ हा आरंभीचा खुलासा लूकचा आणि 6–8 ही वचने नंतरच्या ख्रिस्ती मंडळीची भर. दुसरे मत ही वचने येशूचीच मानते, कारण त्यांच्यावाचून दाखला अधांतरी राहतो. पहिले वचन लूकचे असावे. 6–8 सरसकट उत्तरकालीन ठरविणे मात्र अवघड आहे. आठव्या वचनाचा उत्तरार्ध, म्हणजे पृथ्वीवर विश्वास आढळेल काय हा प्रश्न, मुळात स्वतंत्र असण्याचा संभव आहे. वाद कसाही सुटो, युक्तिवाद कैमुतिक न्यायाचा (‘हे घडते, मग ते का नाही’ या धर्तीचा) आहे : असला न्यायाधीशही दाद देतो, मग देव का देणार नाही? न्यायाधीश म्हणजेच देव, असे सांगणारी प्रवचने दाखला उलटा करतात.

आज्ञापालनाचे अंग येशूने अटकेपूर्वी प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेत दिसते. येशू एकच विनंती तीनदा करतो आणि पित्याची इच्छा वरचढ ठेवतो (मत्तय 26:36–44). प्रेषित पौलानेही ‘शरीरातील काटा’, म्हणजे आपली एक व्यथा, दूर व्हावी म्हणून तीनदा विनवले. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले (2 करिंथ 12:7–9).

पावसाच्या प्रार्थनेला कर्मेल डोंगरावरील एलीया संदेष्ट्याचा उतारा (1 राजे 18:41–45) चपखल बसतो : चाकर सातव्या खेपेस पाहून येतो तेव्हा तळहाताएवढा ढग दिसतो.

घरच्या प्रार्थनासभेचा क्रम साधारण असा : गीत, वचन, विनंत्या, एकेकाची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. पहिल्यानेच सगळ्या विनंत्या उरकल्या की पुढच्यांना बोलायला काही उरत नाही. म्हणून त्या आधी वाटून द्याव्यात. ‘घरादाराला आशीर्वाद दे’ ही विनंती फार मोघम. उत्तर आले तरी ओळखता येत नाही. आजाऱ्याचे नाव, परीक्षेची तारीख, अडलेले काम स्पष्ट सांगावे. तीच ती वाक्ये घोळवणे म्हणजे चिकाटी नव्हे (मत्तय 6:7). कॅथलिकांची नोव्हेना, म्हणजे एकाच हेतूसाठी रोज करायची प्रार्थना, नऊ दिवस चालते.

उपवास-प्रार्थनेत औषधे बंद करणे ही नेहमीची चूक. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नये. उपाशीपोटी रक्तातील साखर उतरून भोवळ येऊ शकते. अशांनी जेवून सभेला बसले तरी चालते.