आल्बर्टाचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन बोवेन आणि १९३७ ची तीन राखीव विधेयके : पार्श्वभूमी

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे प्रांतातील राजसत्तेचे प्रतिनिधी, जॉन कॅम्पबेल बोवेन यांनी ५ ऑक्टोबर १९३७ रोजी विधिमंडळाने मंजूर केलेल्या तीन विधेयकांना संमती न देता ती गव्हर्नर जनरल या केंद्रातील राजप्रतिनिधीच्या विचारार्थ राखून ठेवली. मार्च १९३७ ते फेब्रुवारी १९५० अशी जवळजवळ तेरा वर्षे ते या पदावर होते आणि त्या प्रांतात इतका काळ हे पद दुसऱ्या कोणी भूषवलेले नाही. तरीही त्यांच्या कारकिर्दीची चर्चा आजही या एका निर्णयापाशी येऊन थांबते.

बोवेन यांचा जन्म १८७२ मध्ये ऑन्टारिओत झाला. ते बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते, पहिल्या महायुद्धात सैन्याचे धर्मगुरू म्हणून त्यांनी काम केले, पुढे एडमंटनचे नगरसेवक आणि १९२१ मध्ये प्रांतिक आमदार झाले, आणि काही काळ त्यांनी लिबरल पक्षाचे प्रांतिक नेतृत्वही केले. आधीच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे पदावर असतानाच निधन झाल्याने केंद्रातील लिबरल सरकारने त्यांची नेमणूक केली. ज्या सरकारशी त्यांची गाठ पडली, त्याचे प्रमुख विल्यम एबरहार्ट हेही बाप्टिस्ट परंपरेतलेच प्रवचनकार होते. रेडिओवरील प्रवचनांमुळे ते घराघरांत पोहोचले होते. मंदी आणि दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्यांना त्यांच्या सोशल क्रेडिट पक्षाने प्रत्येक प्रौढास दरमहा २५ डॉलर देण्याचे आश्वासन दिले आणि १९३५ च्या निवडणुकीत ६३ पैकी ५६ जागा जिंकल्या. आश्वासन पाळता येईना, १९३६ मध्ये प्रांताने कर्जरोख्यांची परतफेड थकवली, आणि १९३७ च्या वसंतात सत्ताधारी पक्षाच्याच आमदारांनी बंड केले. बँकांवर हात टाकणारे कायदे या दडपणातून आले.

त्यांतले पहिले तीन कायदे ऑगस्ट १९३७ मध्ये झाले. बँका व त्यांच्या कर्मचाऱ्यांना परवाने सक्तीचे करणे, परवाना नसलेल्यांना न्यायालयात दाद मागता येऊ नये अशी तजवीज करणे आणि प्रांतिक कायद्यांच्या घटनात्मकतेला आव्हान देण्याचा मार्गच बंद करणे, असा त्यांचा रोख होता. बोवेन यांनी प्रीमियर (प्रांताच्या सरकारचे प्रमुख) एबरहार्ट आणि अ‍ॅटर्नी जनरल (सरकारचे कायदेविषयक मंत्री) या दोघांना बोलावून, हे कायदे प्रांताच्या अधिकारात बसतात का, असे विचारले. अ‍ॅटर्नी जनरलनी बसत नाहीत असे उत्तर दिले, प्रीमियरनी सारी जबाबदारी आपण घेतो असे सांगितले, आणि बोवेन यांनी संमती दिली. खरे बोलणाऱ्या अ‍ॅटर्नी जनरलना राजीनामा द्यावा लागला आणि प्रांतिक कायदे रद्द करण्याचा आपला घटनात्मक अधिकार वापरून केंद्र सरकारने १७ ऑगस्टला तिन्ही कायदे रद्द केले.

बोवेन केंद्राच्या इशाऱ्यावर चालणारे हस्तक होते, हा त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप ऑगस्टच्या या घटनाक्रमापुढे टिकत नाही. कायदेशीर सल्ला प्रतिकूल असतानाही त्यांनी आधी निवडून आलेल्या सरकारचेच ऐकले होते. ऑक्टोबरमध्ये रद्द झालेल्या बँक परवान्यांच्या कायद्याच्याच मजकुराचे पतनियंत्रण विधेयक थोड्या फेरफारांसह पुन्हा समोर आले. त्याबरोबर बँकांच्या भरणा झालेल्या भांडवलावर अर्धा टक्का आणि राखीव निधीवर एक टक्का कर लावणारे विधेयक होते. तिसरे विधेयक वृत्तपत्रांविषयीचे होते, आणि त्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. सरकारी खुलासे वृत्तपत्रांनी छापलेच पाहिजेत, बातमी कोणाकडून मिळाली आणि लेख कोणी लिहिला हे सांगितलेच पाहिजे, न ऐकल्यास दिवसाला १००० डॉलरपर्यंत दंड आणि प्रकाशनावर बंदी, अशा त्यात तरतुदी होत्या. या विधेयकावर डोळे मिटून सही करणे हीच लोकशाहीची सेवा ठरली असती, असे मानणे कठीण आहे.

विधेयक राखून ठेवणे म्हणजे ते नाकारणे नव्हे. १८६७ च्या घटनात्मक कायद्याप्रमाणे असे विधेयक केंद्राकडे जाते आणि एका वर्षात संमती न मिळाल्यास ते आपोआप संपते. केंद्राने या वेळी ते सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवले, आणि मार्च १९३८ मध्ये न्यायालयाने तिन्ही विधेयके प्रांताच्या अधिकारकक्षेबाहेरची ठरवली. सार्वजनिक प्रश्नांवरील मुक्त चर्चेवाचून संसदीय राज्यपद्धती चालू शकत नाही, हा तेव्हाच्या काही न्यायमूर्तींचा विचार पुढील कित्येक दशके कॅनडातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या खटल्यांत आधार म्हणून घेतला गेला. या लढ्यासाठी एडमंटनच्या एका दैनिकाला १९३८ मध्ये पुलित्झर या अमेरिकी पत्रकारिता पुरस्काराचा विशेष सन्मानही मिळाला.

त्याच वर्षी प्रांतिक सरकारने बोवेन यांचे अधिकृत निवासस्थान बंद केले, मोटार काढून घेतली आणि कार्यालयीन कर्मचारीही काढले. काटकसर हे कारण सांगितले गेले. मात्र १९१३ पासून चालत आलेली व्यवस्था न्यायालयाच्या निकालानंतर लगेच मोडली गेली, हे विसरता येत नाही. एबरहार्ट यांना बडतर्फ करण्याचा विचार बोवेन यांनी तेव्हा गंभीरपणे केला होता. सभागृहात प्रचंड बहुमत असलेल्या नेत्याला काढले असते, तर बोवेन यांच्या आधीच्या निर्णयाची सारी नैतिक बाजू ढासळली असती. त्यांनी तसे केले नाही, आणि हा संयम त्यांच्या बाजूने मोजायला हवा. १९४३ मध्ये एबरहार्ट यांच्या निधनानंतर त्यांच्याच पक्षाच्या वारसाला बोवेन यांनी पदाची शपथ दिली.

कॅनडात केंद्राने प्रांतिक कायदा रद्द करण्याची शेवटची घटनाही आल्बर्टातीलच, आणि बोवेन यांच्याच काळातली आहे. शत्रुराष्ट्रांचे नागरिक आणि हटराइट या सामूहिक वसाहतींत राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक यांना जमीन विकण्यास बंदी घालणारा कायदा १९४३ मध्ये असा रद्द झाला. विधेयक राखून ठेवण्याचा प्रसंग त्यानंतर एकदाच आला. १९६१ मध्ये शेजारच्या सस्कॅचेवान प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी खाणींविषयीचे विधेयक केंद्राशी सल्लामसलत न करताच राखून ठेवले, आणि अडचणीत आलेल्या केंद्र सरकारने त्याला घाईने संमती दिली. तेव्हापासून हा अधिकार कोणी वापरलेला नाही, पण घटनेतून तो काढलेलाही नाही.

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०० मध्ये राज्यपालाला दिलेला राखून ठेवण्याचा अधिकार १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आला, आणि ब्रिटिश साम्राज्याच्या ज्या व्यवस्थेतून तो तिथे आला, त्याच व्यवस्थेतून तो कॅनडातही गेला होता. कॅनडात मात्र राखून ठेवलेल्या विधेयकाला वर्षाची मुदत आहे. आपल्या अनुच्छेद २०१ मध्ये राष्ट्रपतींसाठी अशी कोणतीही मुदत लिहिलेली नाही.