नन वेगळी, सिस्टर वेगळी, आणि कॉन्व्हेंट म्हणजे शाळा तर नव्हेच

आपल्याकडे सिस्टर म्हटलं की तीन बायका डोळ्यांपुढे येतात. एक हॉस्पिटलात सलाईन लावणारी, दुसरी शाळेत सोमवारी नखं तपासणारी, आणि तिसरी इंग्लिश पिक्चरमधली, काळ्या झग्यातली, उंच भिंतीआड मेणबत्ती घेऊन फिरणारी. पहिलीला सोडून देऊ, ते नाव ब्रिटिशांच्या हॉस्पिटलातून आलंय, तिकडे वॉर्डच्या मुख्य नर्सला सिस्टर म्हणायचे आणि आपण सरसकट सगळ्यांनाच म्हणायला लागलो. घोळ होतो तो उरलेल्या दोघींचा. मी वसईची, माझी एक मावशी सिस्टर, त्यामुळे ऑफिसात कुणाला हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अगं मग तिला बाहेर सोडतात का?" मावशी तीस वर्षं एसटीने फिरतेय. दोन मोबाईल आहेत तिच्याकडे, आणि शाळेच्या फायली काखोटीला मारून सरकारी कचेऱ्यांच्या बाकांवर ती जितके तास बसलीय तितके मी माझ्या स्वतःच्या खुर्चीत बसले नसेन.

तर काय, की जिला बाहेर "सोडत नाहीत" असं लोकांना वाटतं ती नन, आणि माझी मावशी सिस्टर. दोघी कॅथलिक, दोघींची व्रतं तीच तीन, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन, दोघींच्या डोक्यावर कापड, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला फरक कळणार कसा? बोलण्यात तर कॅथलिक लोकही दोघींना नन म्हणून मोकळे होतात. पण चर्चच्या कायद्यात नन म्हणजे बंद मठात राहून प्रार्थना हेच आयुष्याचं काम मानणारी, आणि सिस्टर म्हणजे प्रार्थना करून मग शाळा, दवाखाना, अनाथाश्रम, वस्ती असं कुठेतरी कामाला निघणारी. शाळांच्या बोर्डावरचा "कॉन्व्हेंट" हा शब्द खरं तर त्या बायकांच्या राहत्या घराचा, शाळेचा नाहीच. आपण तो इंग्लिश मीडियमला चिकटवला आणि आता गल्लीबोळात कुठल्याही देवाच्या नावापुढे कॉन्व्हेंट लागतं, आत सिस्टर औषधालाही नसते.

लोकांचा अजून एक गैरसमज असतो, की नन ही जुनी कडक व्हरायटी आणि सिस्टर म्हणजे तीच जरा मॉडर्न झालेली. तसं नाहीये, सिस्टर असणं हे भांडून मिळवलेलं आहे आणि भांडण होतं चर्चशीच. १२९८ मध्ये पोप आठवा बोनिफेस याने फर्मान काढलं की सगळ्या ननांनी भिंतीआडच राहायचं, १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने तेच परत घट्ट केलं. म्हणजे बाईला देवाच्या कामाला आयुष्य वाहायचं तर दोनच रस्ते, नवरा नाहीतर भिंत. इंग्लंडच्या मेरी वॉर्डने १६०९ च्या सुमारास तिसरा रस्ता काढायचा प्रयत्न केला, मुलींना शिकवणाऱ्या, मोकळ्या फिरणाऱ्या बायकांची संस्था. १६३१ मध्ये पोपने ती संस्थाच मोडीत काढली आणि मेरीबाईंना म्युनिकला पकडून ठेवलं, कुठे, तर एका बंद मठातच! तिथून त्यांनी आपल्या सोबतिणींना लिंबाच्या रसाने चिठ्ठ्या लिहिल्या, कागद शेकला की अक्षर उमटायचं. शाळेत असताना हा उद्योग मीही केलाय, कारण अर्थात वेगळं होतं.

त्याच काळात पॅरिसमध्ये संत व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी जास्त हुशारीने खेळी केली. १६३३ मध्ये त्यांनी आजारी-गरिबांसाठी मुली गोळा केल्या आणि त्यांना नन म्हणायचंच नाही असं ठरवलं. नन म्हटलं की भिंत आलीच, म्हणून तो शब्दच नको. व्हिन्सेंट त्यांना सांगायचे की रोग्यांची घरं हाच तुमचा मठ, भाड्याची खोली ही तुमची कोठडी आणि शहराचे रस्ते हा तुमचा व्हरांडा. जन्मभराचं व्रत घेतलं की कायद्यात सापडणार, म्हणून व्रत एका वर्षाचं, दरवर्षी नव्याने. त्या डॉटर्स ऑफ चॅरिटी आजही तसंच करतात, २५ मार्चला रिन्यूअल. अशा कामकरी सिस्टर लोकांना "तुम्हीही पूर्ण धर्मजीवनातल्याच" अशी रोमची ठाम कबुली मिळायला १९०० साल उजाडलं. म्हणजे आपल्या कित्येक कॉन्व्हेंट शाळा त्या कबुलीच्या आधीच्या आहेत.

दोघींमधला फरक एका जागी बघायचा असेल तर मंगळूर. १८७० मध्ये फ्रान्सहून तिथे दोन्ही प्रकारच्या बाया आल्या आणि गंमत म्हणजे दोन्हींच्या नावात कार्मेल, म्हणजे एका जुन्या कॅथलिक संन्यासी पंथाचं नाव. एक गट पाऊ गावच्या बंद मठातल्या कार्मेलाइट नन, दुसरा गट अपोस्टॉलिक कार्मेलच्या सिस्टर, ही संस्था मदर व्हेरोनिका नावाच्या इंग्रज बाईंनी दोनच वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या बायोनला काढलेली, खास मुलींना शिकवण्यासाठी. बंद मठवाल्यांपैकी तिघी मंगळूरला पोचल्याच नाहीत, त्या प्रवासातच गेल्या. पोचलेल्यांत गॅलिलीची मरियम बावार्दी होती, तिने व्रत मंगळुरात घेतलं, दोन वर्षांत परत फ्रान्सला गेली आणि २०१५ मध्ये संत म्हणून जाहीर झाली. ननांनी भिंत बांधून प्रार्थना सुरू केली आणि सिस्टरांनी शाळा. १९२१ मध्ये मंगळुरात सेंट ॲग्नेस हे मुलींचं कॉलेज निघालं ते या दुसऱ्या गटाचं, गोव्यात नुवेचं कार्मेल कॉलेजही त्यांचंच. त्यामुळे कुणी "मी कार्मेलमध्ये शिकले" म्हटलं तर ते शिकवणाऱ्या सिस्टरांचं, बंद कार्मेलमध्ये कुणी बी.ए. करत नाही.

बंद मठ मी एकदाच पाहिलाय, आईबरोबर, लहानपणी. पाहिलाय म्हणजे काय, बाहेरची खोली पाहिलीय. भिंतीत एक लाकडी पिंपासारखं कपाट, एका बाजूने उघडं, फिरणारं. आईने त्यात चकल्यांचा डबा ठेवला, बेल वाजवली, आतून आवाज आला, कपाट गरकन फिरलं, डबा गायब. चेहरा दिसला नाही, फक्त हसल्याचा आवाज. मग जाळीच्या खोलीत बसलो, जाळीपलीकडे म्हाताऱ्या सिस्टर (हो, ननलाही हाक सिस्टरच मारतात, मुख्य असेल तर मदर) आईची विचारपूस करत होत्या, गावातल्या कुणाचं लग्न जमलं इथपासून सगळी खबर त्यांना होती, मला वाटलं आम्हालाच बातम्या सांगतायत. निघताना कपाट परत फिरलं. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, तो नियम भिंतीआडही चालू होता, डब्यात ओस्तीची कात्रणं भरून दिली होती. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीत, मिळते ती पातळ गोल चकती म्हणजे ओस्ती, ती बरेच मठ बनवतात, नुसतं पीठ आणि पाणी, दोन तापल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबून कागदासारखा पत्रा काढायचा, मग गोल गोल कापायचं, आणि गोलांच्या मधला जो भाग उरतो तो पोरांना. घरी येईपर्यंत मी अर्धा डबा संपवला.

कार्मेलच्या बंद मठात आतला दिवस म्हणजे सात वेळा चॅपलमध्ये जमून स्तोत्रं म्हणायची, वर दोन तास गप्प बसून मनातली प्रार्थना, मध्ये शिवण, बाग, स्वयंपाक, आणि दिवसातून दोनदा गप्पांची सुट्टी. ही सुट्टी १६ व्या शतकात आविलाच्या संत तेरेसांनी (कार्मेलच्या मठांना नवी शिस्त लावणाऱ्या स्पॅनिश नन, आपल्या मदर तेरेसा नव्हेत) मुद्दाम ठेवलेली आहे, त्यांना रडक्या तोंडाचे संत आवडत नसत. आणि एका मठात २१ च्या वर बायका नकोत हेही त्यांचंच. कोंडून वगैरे कुणी ठेवलेलं नसतं, डॉक्टरकडे जातात, मतदानाला जातात. सध्याच्या नियमाने पहिल्या दिवसापासून कायमच्या व्रतापर्यंत निदान नऊ वर्षं लागतात, तोवर निघून जायचं तर दार उघडंच आहे.

मावशीच्या घरी मात्र सकाळची प्रार्थना, मिस्सा, मग घाईत चहा आणि आठला शाळेची घंटा. संध्याकाळची प्रार्थना कधीकधी एसटीतच होते असं तीच सांगते.

खरा फरक मला विचाराल तर बदलीचा. प्रत्येक बंद मठ स्वतःपुरता स्वतंत्र, स्वतःची मदर स्वतः निवडतो, आणि नन ज्या मठात शिरते तिथेच बहुतेक म्हातारी होते, तिथेच तिची कबर. सिस्टर ही पूर्ण संस्थेची, वर प्रोव्हिन्शियल म्हणजे प्रांताची मुख्य, तिच्या वर जनरल म्हणजे सगळ्या संस्थेची मुख्य, आणि पत्र आलं की बॅग भरायची. मावशीच्या आतापर्यंत सात बदल्या झाल्यात आणि प्रत्येक वेळी तिची तुळशीची कुंडी मागेच राहते.

पैशाचंही वेगळं आहे. नन कायमचं गंभीर व्रत घेते तेव्हा मालकीच सोडते. बहुतेक सिस्टरांच्या साध्या व्रतात जमीन नावावर राहू शकते, फक्त कारभार आणि उत्पन्न स्वतःला वापरता येत नाही, कायमच्या व्रताआधी मृत्युपत्रही करावं लागतं. पगार मिळाला तर तो थेट संस्थेचा. यावरून अनुदानित शाळांतल्या सिस्टर आणि फादर लोकांच्या पगारावर टीडीएस कापायचा का हे भांडण वर्षानुवर्षं चाललं, व्रत घेतलं की माणूस व्यवहारात मेल्यासारखाच असा एक युक्तिवाद होता, आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टॅक्स कापला जाणार. देवाला दिलं की संस्थेला दिलं ते तुम्ही बघा, पगार तो पगार. मला हे पटलं, मावशीला नाही.

आता मदर तेरेसा कुठल्या, हा प्रश्न येतोच. त्या आधी लोरेटो नावाच्या शिकवणाऱ्या संस्थेतल्या, म्हणजे मोडीत काढूनही तगलेल्या त्याच मेरी वॉर्डच्या वंशातल्या, ही मंडळी १८४१ च्या डिसेंबरात कलकत्त्यात उतरली. कागदावर सिस्टर, पण तेव्हाच्या लोरेटोत बाहेर पडण्यावर इतकी बंधनं होती की शाळेच्या भिंतीपलीकडच्या मोतीझील वस्तीत जाऊन राहायला त्यांना थेट रोमची परवानगी मागावी लागली. १९४८ मध्ये ती मिळाली, त्या पांढरी साडी नेसून बाहेर पडल्या, आणि १९५० मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटीला मान्यता मिळाली. म्हणजे काटेकोर बोलायचं तर जगातली सगळ्यात प्रसिद्ध नन ही नन नव्हतीच. वर परत १९७६ मध्ये त्यांनीच प्रार्थनेला वाहिलेल्या सिस्टरांची एक वेगळी शाखा काढली, त्यांचा बराचसा दिवस प्रार्थनेत जातो आणि थोडा वेळ त्या वस्तीत निघतात. घ्या, आता हिला कुठल्या खान्यात टाकायचं?

जुन्या गोव्यात गेलात तर सांता मोनिका बघा. १६०६ मध्ये सुरू झालेला बंद मठ, जाड भिंती, आत ऑगस्टिनियन नन. १८३० च्या दशकात पोर्तुगाल सरकारने नव्या मुली घ्यायला बंदी केली, आहेत त्या मरेपर्यंत राहू दे म्हणाले, आणि एकेक करत शेवटची नन १८८० च्या दशकात गेली. त्याच भिंतींच्या आत १९६४ पासून मातेर देई संस्था चालते, तिथे ठिकठिकाणच्या सिस्टर ईशज्ञान शिकायला येतात, आणि कोर्स संपला की बॅगा उचलून पुढच्या बदलीच्या गावाला निघतात.