लाइटसेबर : रंग आधी, कारणे नंतर

‘स्टार वॉर्स’च्या नव्या मालिकेतील एखाद्या पात्राने लाइटसेबर, म्हणजे ऊर्जेचे पाते असलेली तलवार, पेटवताच प्रेक्षक आधी पात्याचा रंग पाहतात आणि त्यावरून त्या पात्राची निष्ठा, दर्जा आणि भूतकाळ यांविषयी तर्क बांधू लागतात. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की रंगांचे नियम मूळ कथेइतकेच जुने असावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र १९७७, १९८० आणि १९८३ मध्ये आलेल्या पहिल्या तीन ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांत असा एकही नियम कोणी बोलून दाखवलेला नाही, आणि पात्याला रंग देणाऱ्या स्फटिकाचा तर तेथे उल्लेखही येत नाही. आज प्रमाण मानली जाणारी बहुतेक स्पष्टीकरणे चित्रीकरणातील अडचणी, ऐनवेळचे बदल आणि कलाकारांच्या आवडीनिवडी यांना मागाहून जोडलेली आहेत. पाते लाल होते ते कृत्रिम स्फटिकामुळे की छळलेल्या स्फटिकामुळे, हा सध्याचा वाद समजून घ्यायचा, तर हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

ऊर्जेच्या तलवारीची कल्पना या चित्रपटांहून बरीच जुनी आहे. १९३३ मध्ये एका अमेरिकन पल्प (स्वस्त, रंजक कथांच्या) मासिकात आलेल्या परग्रहावरील साहसकथेत प्रकाशशक्तीने भारलेली तलवार आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४३ मध्ये क्रमशः छापल्या गेलेल्या एका कादंबरीत विज्ञानाला चमत्काराचा मुलामा देऊन राज्य करणारे पुरोहित ऊर्जेची शलाका सोडणारे दंड बाळगतात, आणि या शलाका एकमेकींतून आरपार जात नसल्यामुळे त्यांनी तलवारीसारखे द्वंद्व खेळता येते. गूढ पंथ आणि ऊर्जेचे पाते ही जोडी तेथेच जमलेली दिसते, फक्त ते पुरोहित ढोंगी आहेत. अंतराळयुगात तलवार कशाला, या प्रश्नालाही उत्तर शोधले गेले होते. वेगाने येणारी गोळी अडवणारे पण सावकाश शिरणाऱ्या पात्याला वाट देणारे संरक्षक कवच १९४९ च्या एका कादंबरीत आहे, आणि १९६५ च्या एका गाजलेल्या वाळवंटी महाकादंबरीने ती युक्ती घरोघरी पोहोचवली. चित्रपटाने या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या भानगडीत न पडता तलवार ‘अधिक सुसंस्कृत काळाची’ असल्याचे सांगून विषय संपवला, आणि ते शहाणपणाचे ठरले.

हे शस्त्र केवळ साधकांचेच, हेही सुरुवातीला ठरलेले नव्हते. आरंभीच्या मसुद्यांत लेझरची तलवार सर्रास वापरातली होती, आणि १९७५ च्या सुमारास काढलेल्या एका संकल्पचित्रात साम्राज्याच्या साध्या सैनिकाच्या हातातही ती दिसते. पुढच्या लेखनात ती सर्वांच्या हातून काढून घेऊन ‘जेडाय’ या लुप्तप्राय योद्धा-पंथापुरती ठेवली गेली. हा बदल छोटा असला तरी शस्त्राला जे वलय आहे, ते बव्हंशी या टंचाईतून आले आहे.

‘लेझर’ हा शब्द त्या काळी ताजा होता, कारण पहिला लेझर १९६० मध्येच चालला होता. प्रकाशाचा झोत मीटरभर जाऊन थांबत नाही आणि दोन झोत एकमेकांवर आदळत नाहीत, हे आक्षेप तेव्हापासून आजतागायत घेतले जातात. नंतरच्या अधिकृत पुस्तकांनी म्हणून चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचा, आधार घेतला. २०१३ मध्ये रुबिडियम या धातूच्या अतिशीत वाफेत दोन फोटॉन (प्रकाशकण) एकमेकांना बांधल्यासारखे वागतात, असा प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभरच्या बातम्यांनी लाइटसेबर आता आलाच असे मथळे दिले. त्या प्रयोगाचे तलवारीशी नाते मथळ्यापलीकडे फारसे नव्हते.

खरा इतिहास १९७६ च्या चित्रीकरणात आहे. नायकाच्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या अमेरिकन प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशची, बॅटऱ्या बसवायची धातूची नळी होय. चित्रपटाच्या सजावट विभागाला ती लंडनमधील छायाचित्रणाच्या साहित्याच्या एका दुकानात मिळाली. तिच्या खालच्या भागावर पकडीसाठी काळ्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या आणि मधल्या चापात खिशातल्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगांची पारदर्शक पट्टी बसवली गेली. वृद्ध गुरूच्या मुठीत तर जेट इंजिनाचा नळीसारखा भाग, पहिल्या महायुद्धातील रायफल-ग्रेनेडचा तुकडा आणि नळाची चावी एकत्र आली आहे. या वस्तू वापरून झिजलेल्या असल्यामुळे शस्त्र कोणाच्या तरी हातात वर्षानुवर्षे राहिले असावे, असा भास आपोआप झाला. नंतर कोऱ्या धातूतून कातून काढलेल्या अनेक सुबक मुठींना तो साधलेला नाही.

पात्याची गोष्ट अधिक अडचणीची होती. प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवणाऱ्या पदार्थाने मढवलेली काठी मुठीत बसवली जाई, मुठीतील मोटर ती वेगाने फिरवी, आणि कॅमेऱ्यासमोर तिरक्या ठेवलेल्या अर्धपारदर्शक आरशावरून सोडलेला प्रकाश काठीवरून उलटून थेट भिंगात शिरे. त्यामुळे पाते खरोखरच चमकल्यासारखे दिसे, पण फक्त कॅमेऱ्याला. काठीचे टोक कॅमेऱ्याकडे वळले की परतणारा प्रकाश कमी होई आणि पाते क्षीण दिसे. पहिल्या चित्रपटातील द्वंद्वात गुरूचे पाते मधूनच निस्तेज होते, ते यामुळे. काठ्या नाजूक असल्याने जोरात वार करण्याची सोय नव्हती. ते द्वंद्व संथ आणि जपून खेळल्यासारखे वाटण्यामागे दोन्ही योद्ध्यांचे वय दाखवले जाते, परंतु काठी मोडण्याची भीती हेही त्याचे तितकेच खरे कारण आहे. पुढच्या चित्रपटापासून ही पद्धत सोडून पात्याची चमक चौकटीमागून चौकट हाताने रेखाटण्यावर भर दिला गेला, आणि वार लगेच जोरकस झाले. आवाज मात्र पहिल्याच प्रयत्नात कायमचा जमला. चित्रपटाच्या जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि तुटक्या वायरच्या मायक्रोफोनने टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ पकडलेली गुणगुण एकत्र करून ती स्पीकरवर वाजवली गेली, आणि त्या स्पीकरसमोरून दुसरा मायक्रोफोन हवेत फिरवून पाते हलल्याचा चढउतार मिळवला गेला.

आता रंग. सेटवरचे पाते पांढरेच होते. निळा आणि लाल हे रंग चित्रीकरणानंतर चढवले गेले, आणि १९७७ च्या मूळ प्रतीत काही ठिकाणी निळे पाते जवळजवळ पांढरे दिसते. त्या वेळी कोणालाच रंगाचे महत्त्व वाटत नव्हते, याचा पुरावा म्हणजे १९७८ मध्ये बाजारात आलेली नायकाची खेळण्यातील बाहुली, जिच्या हातात चक्क पिवळे पाते होते. १९८० च्या चित्रपटात नायक हातासकट वडिलांची तलवार गमावतो आणि १९८३ च्या चित्रपटात नवी घेऊन येतो. हे नवे पातेही निळेच असणार होते, आणि प्रदर्शनापूर्वीच्या जाहिरातपटात ते तसे दिसतेही. पण वाळवंटातील मोठी लढाई उघड्या आकाशाखाली चित्रित झाली होती आणि निळ्या आकाशासमोर निळे पाते उठून दिसेना, म्हणून ते हिरवे केले गेले. लाइटसेबरच्या तिसऱ्या रंगाचा उगम एवढाच आहे. २००४ च्या डीव्हीडी आवृत्तीत रंगदुरुस्ती करताना पहिल्या चित्रपटातील सरावाच्या प्रसंगात तेच निळे पाते हिरवट झाले होते, ही गंमत चाहते अजून सांगतात.

या अपघातांना अर्थ देण्याचे काम पुढच्या वीस वर्षांत कादंबऱ्या, मार्गदर्शिका आणि खेळांनी केले. पहिल्या मसुद्यांमध्ये शक्ती वाढवणारा एक स्फटिक होता, तो चित्रपटातून वगळला गेला होता. त्याचेच नाव थोड्या फरकाने परत आणून तो मुठीत बसवला गेला. २००३ च्या एका संगणकीय खेळात निळा लढवय्यांचा, हिरवा चिंतन करणाऱ्यांचा आणि पिवळा या दोहोंच्या मधल्या वर्गाचा, अशी वाटणीच झाली. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या चित्रपटात एका अभिनेत्याच्या विनंतीवरून जांभळे पाते दिसले होते, आणि त्याचीही कारणे मागाहून लिहिली गेली.

लाल रंगाचे जुने स्पष्टीकरण या सर्वांत व्यवहारी होते. नैसर्गिक स्फटिकांच्या खाणी जेडायांच्या ताब्यात, म्हणून त्यांचे शत्रू असलेले सिथ भट्टीत कृत्रिम स्फटिक तयार करतात आणि ते लाल निघतात, असे ते सांगे. लाल रंग येथे पुरवठ्याचा प्रश्न होता. त्यात तंत्र होते, हट्ट होता, एका पंथाच्या मक्तेदारीला दिलेले उत्तर होते. ‘स्टार वॉर्स’ची मालकी बदलल्यानंतर एप्रिल २०१४ मध्ये चित्रपट आणि ठरावीक ॲनिमेशन मालिका वगळता बाकीचे सगळे विस्तारित साहित्य अधिकृत कथाक्रमातून बाहेर काढण्यात आले आणि या स्पष्टीकरणाचा आधार गेला. २०१६ च्या एका कादंबरीने त्याच्या जागी नवे मांडले. त्यानुसार स्फटिक जवळजवळ सजीव असतो, तो जेडायची साथ स्वतःहून स्वीकारतो, आणि सिथ आपला क्रोध व वेदना त्यात ओतून त्याला छळतो तेव्हा तो ‘रक्ताळतो’, म्हणजे लाल होतो. त्याच कादंबरीची नायिका असे स्फटिक शुद्ध करते आणि तिला पांढरी पाती मिळतात. पुढच्याच वर्षी एका चित्रकथेत हा विधी सविस्तर दाखवला गेला.

नव्या मांडणीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एका ॲनिमेशन मालिकेत २०१२ मध्ये हिमगुहेत शिरून आपापला स्फटिक शोधणारी मुले दाखवली होती, त्या प्रसंगाशी ती नीट जुळते, आणि खलनायकाच्या हातातील प्रत्येक पात्यामागे एक क्रौर्य उभे करते. तरीही तिचे ओझे जुन्या मांडणीपेक्षा जड आहे. स्फटिकाला वेदना होत असतील, तर २०१६ च्याच चित्रपटात ग्रह नष्ट करणाऱ्या अस्त्रासाठी ते गाडीगाडीने उपसून नेले जातात, त्याकडे साम्राज्यविरोधकांपैकी कोणीही या दृष्टीने का पाहत नाही? आणि निळा व हिरवा हे केवळ स्वभावभेद ठरत असताना एकट्या लाल रंगावरच नैतिक निवाडा का लादला जातो? कृत्रिम स्फटिक असताना वाचकाला योद्ध्याची पारख त्याच्या कृतीवरून करावी लागे. आता ती पाते पेटताच झालेली असते. २०१५ च्या चित्रपटातील भेगाळलेल्या स्फटिकाचे, आडव्या ज्वाळा फेकणारे पाते हा त्यातल्या त्यात वेगळा प्रयत्न होता, कारण त्यात रंगापेक्षा थरथर बोलकी होती.

इतरत्र ऊर्जेच्या पात्याने गूढतेशी फारकत घेतली. १९७९ मध्ये सुरू झालेल्या एका जपानी ॲनिमेशन मालिकेतील महाकाय युद्धयंत्रे असेच पाते वापरतात, पण त्यामागे काल्पनिक कणांचे आणि क्षेत्रांचे रीतसर पदार्थविज्ञान उभे केलेले आहे. २००१ च्या एका संगणकीय खेळात परग्रहवासी योद्ध्यांकडे दुभंगलेल्या पात्याची तलवार होती, आणि २००४ च्या पुढच्या भागात ती खेळाडूच्या हाती आली.

२०१९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय तलवारबाजी संघटनेने पॉलिकार्बोनेटच्या उजळणाऱ्या पात्यांनी खेळल्या जाणाऱ्या द्वंद्वाला स्पर्धात्मक प्रकार म्हणून मान्यता दिली. सामना तीन मिनिटांचा किंवा १५ गुणांपर्यंतचा असतो. डोक्यावर वा धडावर लागलेल्या वाराला ५, हातापायांना ३ आणि पंजाला १ गुण मिळतो. वार करण्यापूर्वी पात्याचे टोक आपल्या पाठीमागे न्यावेच लागते, म्हणजे नेहमीच्या तलवारबाजीतील झटपट भोसकण्याला वाव उरत नाही आणि वार पडद्यावरच्यासारखे मोठ्या घेराचे होतात.