कान वाहतो तेव्हा जास्त ऐकू येतं, हे खरं असू शकतं

शाळेत माझ्या बाकावर एक मुलगा होता, डाव्या कानात बारा महिने कापसाचा बोळा, विहिरीत पोहून आला की दोन दिवसांत बोळा पिवळा. तो म्हणायचा, कान वाहतो तेव्हा मला बरं ऐकू येतं, सुकला की बंद होतो. आम्ही हसायचो. पण पोरगं बरोबर सांगत होतं.

कसं ते बघा. आवाज येतो हवेतून, पण आतला कान, म्हणजे तो शंखासारखा कॉक्लिया, पाण्याने भरलेला. हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर ९९ टक्क्यांहून जास्त एनर्जी परतच जाते (विहिरीत बुडी मारली की काठावरची बडबड गायब होते ना, तेच). म्हणून मध्ये पडदा आणि तीन चिमुकली हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडदा रिकिबीच्या तळव्याच्या साधारण १७ पट मोठा, त्यात हाडांची तरफ, सगळं मिळून प्रेशर २० पटीच्या वर जातं. पडद्याला भोक पडलं की ही कमाई घटते.

आणि अजून एक भानगड आहे. आतल्या कानाला खिडक्या दोन. एकीवर रिकीब दाबते, तेव्हा दुसरी, गोल खिडकी, बाहेर फुगते, तरच आतलं पाणी हलतं. पडदा धड असताना गोल खिडकी त्याच्या आडोशाला असते. मोठं भोक पडलं की आवाज दोन्ही खिडक्यांवर एकदमच धडकतो, दोन्हीकडून सारखाच धक्का, मग पाणी हलणार कुठे? पण पू त्या गोल खिडकीवर साचला की तिला पुन्हा आडोसा मिळतो आणि ऐकू यायला लागतं!

गंमत इथपर्यंतच. असा जुनाट कान सहसा दुखत नाही, म्हणून घरचे वर्षानुवर्षं कोमट तेल सोडत बसतात, जे भोक असलेल्या कानात अजिबात सोडू नये. तोवर इन्फेक्शन ऐरणीचं बारीक टोक खाऊन टाकतं, तिथे रक्तपुरवठाच कमी. नुकसान ५०-६० डेसिबलपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं बोलणंही जेमतेम. आणि घाण वास मारणारं पाणी असेल तर थांबूच नका, कोलेस्टिॲटोमा असू शकतो, म्हणजे नको तिथे वाढलेली कातडी, ती हाड पोखरत जाते, आणि शेजारीच चेहऱ्याची नस, वर मेंदू.

साध्या केसमध्ये कान साफ करून अँटिबायोटिक थेंब देतात, कोरडा झाला की कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण काढून पडद्याला ठिगळ लावतात. त्याआधी डॉक्टर एक चिमट्यासारखा काटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात. चांगल्या कानाला समोरचा मोठा वाटतो. अशा कानाला बऱ्याचदा उलटं, हाडावरचा मोठा, कारण आतला कान शाबूत असतो, वाटच मोडलेली असते.